हाडाच्या कर्करोगावरील केमो आणि जनुके : ‘केमो जीन तपासणी’ करून घ्यावी का?

साखळीचा मास्तर

सर्वांना सप्रेम नमस्कार. या मंचावर मी आजवर केवळ वाचक होतो. आज गरजेपोटी लिहीत आहे.

माझा भाचा सोळा वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्याच्या उजव्या गुडघ्याच्या वर सूज दिसू लागली. फुटबॉल खेळताना मार बसला असेल असे समजून आम्ही महिनाभर शेक आणि लेप यांतच घालवला, हे लिहिताना आजही हात अडखळतो. बायोप्सीत ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडातच उद्भवणारा कर्करोग, असल्याचे निदान झाले. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसे स्वच्छ दिसली, एवढाच काय तो दिलासा. उपचार गोव्याबाहेरच्या एका रुग्णालयात चालू असून बहीण आणि मी आळीपाळीने थिवीहून कोकणकन्या पकडून त्याच्यासोबत जातो. सध्या शस्त्रक्रियेआधीची केमोथेरपी चालू आहे आणि तीत तीन औषधे आहेत : मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन.

माझा प्रश्न शेजारच्या खाटेवरून सुरू झाला. तिथे सावंतवाडीकडचा एक मुलगा होता. वय तेच, वजनात दोन किलोंचा फरक, आजार तोच, औषधे तीच आणि मेथोट्रेक्सेटचे सलाईनही दोघांना एकाच दिवशी लागले. तिसऱ्या दिवशी त्याच्या रक्तातील औषधाची पातळी उतरली आणि तो घरी गेला. आमच्या मुलाची पातळी उतरायला सहावा दिवस उजाडला. तोंडात इतके फोड आले की पेजेचे निवळसुद्धा गिळवेना. त्यात भर म्हणून दुसऱ्या सिस्प्लॅटिननंतर रात्री कानांत रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येतो, असे तो सांगू लागला आहे. शेजारच्या मुलाला यातले काहीही झाले नाही.

अशा वेळी एका खासगी प्रयोगशाळेचा प्रतिनिधी बाह्यरुग्ण विभागाच्या बाहेर भेटला. लाळेचा नमुना घेऊन चाळीस जनुके तपासतात आणि ‘तुमच्या रुग्णाला कोणते केमो लागू पडेल’ हे अहवालात लिहून देतात, असे त्याचे म्हणणे. खर्च अठ्ठावीस हजार. बहीण बांगड्या गहाण ठेवायला तयार आहे. डॉक्टरांना विचारले तर घाईघाईत ‘आत्ता गरज नाही’ एवढेच उत्तर मिळाले. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे आकड्यांचे भय नाही. परंतु जीवशास्त्र दहावीनंतर सुटले. एकाच औषधाने दोन मुलांत एवढा फरक पडतो तो जनुकांमुळेच का? आणि तसे असेल, तर डॉक्टर ही तपासणी स्वतःहून का करीत नाहीत?

मांडवीकाठ

मास्तर, मी औषधशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. तुमच्या मुलावर उपचार करणारे डॉक्टर मी नव्हे, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

प्रथम मेथोट्रेक्सेट घेऊ, कारण तुमचा प्रश्न तिथेच उगवला. संधिवाताच्या रुग्णाला हे औषध आठवड्याला पंधरा-वीस मिलिग्रॅम दिले जाते. ऑस्टिओसार्कोमात त्याची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १२ ग्रॅम इतकी असते; दीड चौरस मीटरच्या मुलाला एका बैठकीत, साधारण चार तासांत, १८ ग्रॅम. म्हणजे आपण सुमारे हजारपट मात्रेविषयी बोलत आहोत. ही मात्रा एरवी प्राणघातकच ठरली असती. परंतु सलाईन संपल्यावर ठरलेल्या वेळी ल्युकोव्होरिन सुरू करून निरोगी पेशींना वाचवले जाते आणि औषध शरीराबाहेर पडेपर्यंत ते चालू ठेवले जाते. २४ तासांनी पातळी १० मायक्रोमोल प्रतिलिटरच्या खाली, ४८ तासांनी १ च्या खाली आणि ७२ तासांनी ०.१ च्या खाली यावी, अशी अपेक्षा असते. शेजारच्या मुलाने ही पायरी वेळेवर गाठली, तुमच्या भाच्याची चुकली, असा याचा अर्थ.

आता ही पायरी का चुकते, ते पाहू. जनुकांचा वाटा खरा आहे. रक्तातील मेथोट्रेक्सेट यकृताच्या पेशींत ओढून घेणारे एक प्रथिन एसएलसीओ१बी१ या जनुकाच्या सूचनेनुसार तयार होते. या जनुकात काही ठिकाणी एखाद्या अक्षराचा भेद असेल तर ते दार थोडे अरुंद होते आणि औषध रक्तात जास्त वेळ रेंगाळते. रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांमधील संशोधनातून हे २००९ मध्ये पुढे आले. (कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनी ज्यांचे स्नायू दुखतात, त्यांच्यातही याच जनुकाचा भेद सापडतो, एकाच दाराने किती पाहुणे ये-जा करतात ते यावरून कळावे.) दुसरे नेहमी घेतले जाणारे नाव एमटीएचएफआर. फोलेट या ब-जीवनसत्त्वाच्या कामात लागणारे हे विकर (एन्झाइम). त्याच्या ६७७ क्रमांकाच्या जागेवरचा भेद आईवडील दोघांकडूनही आला असेल, तर विकराची कार्यक्षमता सामान्याच्या तीस टक्क्यांच्या आसपास उरते. तोंडातील फोड आणि यकृताचा त्रास यांच्याशी त्याचा संबंध काही अभ्यासांत दिसला, तर काहींत अजिबात दिसला नाही.

परंतु मेथोट्रेक्सेटचा बहुतांश भाग यकृतातून नव्हे, तर मूत्रपिंडातून बाहेर पडतो. लघवी आम्ल झाली तर ते मूत्रपिंडाच्या नलिकांत खड्यासारखे साचते; म्हणूनच सोडा (सोडियम बायकार्बोनेट) देऊन लघवी अल्कधर्मी ठेवतात आणि दर वेळी पट्टी बुडवून पाहतात. मुलाने दोन वेळा उलट्या केल्या, पाणी कमी पडले, सलाईन तासभर बंद राहिले, छातीत किंवा पोटात पाणी साचलेले असले किंवा सोबत एखादे दुसरे औषध चालू राहिले, की एखाद्या जनुकापेक्षा मोठा फरक एका रात्रीत पडतो. वेदनाशामकांपैकी आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक, आम्लपित्तावरच्या ओमेप्रॅझोल-पँटोप्रॅझोल यांसारख्या गोळ्या, पेनिसिलिन वर्गातील प्रतिजैविके आणि को-ट्रायमॉक्सॅझोल ही मेथोट्रेक्सेटची वाट अडवणारी नेहमीची मंडळी. भाच्याला यांपैकी काही चालू होते का, हे आधी शोधा. ही तपासणी फुकट आहे.

सिस्प्लॅटिन आणि कान हा भाग मात्र मी अधिक गांभीर्याने घेईन. सिस्प्लॅटिन आतल्या कानातील केसपेशी मारते आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. बोलणे ऐकू येत राहते, त्यामुळे घरच्यांना पुष्कळ काळ काहीच कळत नाही. येथे जनुकांचा पुरावा थोडा भक्कम आहे. एसीवायपी२ या जनुकातील एका भेदाचा श्रवणहानीशी असलेला संबंध २०१५ मध्ये मेंदूच्या गाठी असलेल्या मुलांत दिसला आणि पुढे ऑस्टिओसार्कोमाच्या रुग्णांतही तो आढळला. त्याआधी २००९ मध्ये टीपीएमटी आणि सीओएमटी या जनुकांविषयी असाच दावा झाला होता; मात्र पुढच्या काही गटांना तो पडताळून मिळाला नाही. अहवालात काहीही आले तरी करायची गोष्ट एकच आहे : प्रत्येक सिस्प्लॅटिनपूर्वी ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, तीही उंच वारंवारितांपर्यंत. कानांत आवाज येतो हे डॉक्टरांना पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवा. सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी दिले जाणारे सोडियम थायोसल्फेट मुलांमधील श्रवणहानी कमी करते आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला मान्यता दिली आहे. पण ती न पसरलेल्या गाठींपुरती, कारण पसरलेल्या आजारात ते गाठीलाही वाचवते की काय, अशी शंका एका चाचणीतून निर्माण झाली. तुमच्या भाच्याची फुप्फुसे स्वच्छ आहेत, म्हणून हा विषय डॉक्टरांपुढे काढण्यासारखा आहे.

राहिला प्रतिनिधीचा मुख्य दावा : ‘कोणते केमो लागू पडेल’. ऑस्टिओसार्कोमापुरते बोलायचे तर हा दावा आजच्या ज्ञानाच्या पुढे धावतो. सिस्प्लॅटिनचा घाव दुरुस्त करणारे ईआरसीसी२, औषध निष्प्रभ करणारे जीएसटीपी१, औषध पेशीबाहेर उपसणारे एबीसीबी१ अशा अनेक जनुकांवर शोधनिबंध आहेत. पण एका देशात ज्या भेदाने रुग्ण अधिक जगतात असे दिसले, त्याच भेदाने दुसऱ्या देशात काहीच फरक पडला नाही किंवा उलटाच पडला. तुम्ही गणिताचे शिक्षक आहात, म्हणून सांगते. शंभर-दीडशे रुग्णांत चाळीस भेद तपासले आणि पाच टक्क्यांची कसोटी लावली, तर कशाचाही संबंध नसताना दोन भेद निव्वळ योगायोगाने ‘अर्थपूर्ण’ ठरतील.

आणि समजा, भाकीत खरे ठरले, तरी पुढे काय? २००५ ते २०११ या काळात १७ देशांनी मिळून युरामॉस-१ ही चाचणी केली; २,२६० रुग्ण नोंदले गेले. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीत ज्यांच्या जिवंत पेशी १० टक्के वा त्याहून अधिक उरल्या होत्या, म्हणजे ज्यांना औषध पुरेसे लागू पडले नव्हते, त्यांपैकी चाचणीच्या या टप्प्यात सामील झालेल्या निम्म्यांना आयफॉस्फामाइड आणि इटोपोसाइड ही आणखी दोन औषधे वाढवून दिली. निष्पत्ती सुधारली नाही, त्रास वाढला. औषध लागू पडत नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी दिसल्यावरही जिथे औषध बदलून लाभ झाला नाही, तिथे लाळेतल्या जनुकावरून औषध बदलणार ते कशाच्या आधारावर? तुमच्या डॉक्टरांचे ‘आत्ता गरज नाही’ हे उत्तर तुटक होते, पण चूक नव्हते.

सुरंगीचा वळेसर

मास्तर, मी फोंड्याची. माझ्या मुलाला चौदाव्या वर्षी हाच आजार झाला होता. आज तो बावीस वर्षांचा असून मांडीत धातूचा सांधा घेऊन दुचाकी चालवतो. मांडवीकाठ यांनी सांगितले त्यातील दोन गोष्टी आमच्या घरी कशा घडल्या ते लिहिते.

मुलाच्या तिसऱ्या मेथोट्रेक्सेटच्या वेळी पातळी अशीच अडकली. रक्तातील क्रिएटिनिन वाढले, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले. आम्ही सगळे घाबरलो. एका तरुण निवासी डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडून औषधांची पिशवी मागून घेतली आणि खाटेवर रिकामी केली. तीत पँटोप्रॅझोलची अर्धी पट्टी निघाली. आधीच्या फेरीत जळजळ होत होती म्हणून कुणीतरी लिहून दिली होती आणि मी आईपणाने ती रोज सकाळी उपाशीपोटी देत राहिले होते. रुग्णालयाच्या औषधपत्रकावर तिचा उल्लेखच नव्हता. त्या दिवसापासून मी एक दोनशेपानी वही केली : डाव्या पानावर तोंडाने घेतलेले प्रत्येक औषध, उजव्या पानावर लघवीचे माप, पट्टीचा रंग आणि पातळीचे आकडे. कोला पेये आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या त्या दिवसांपुरत्या बंद ठेवायला सांगितले होते. सोलकढी चालेल का, असे मी विचारले, तर परिचारिका केरळची होती, तिला सोलकढी म्हणजे काय हेच मला आधी समजावून द्यावे लागले. मग ‘आंबट काहीच नको’ असा निकाल लागला.

दुसरी गोष्ट कानांची. त्याचे ऐकणे गेले आहे हे आम्हाला उपचार संपल्यावर पाच महिन्यांनी समजले. गणपतीत घरी आरती चालू असताना झांजांचा आवाज त्याला ‘बसका’ वाटतो, असे तो म्हणाला. पुढे कळले की मधल्या दोन ऑडिओमेट्री झाल्याच नव्हत्या. खाट मिळण्याच्या गडबडीत त्या राहून गेल्या आणि आम्हीही विचारले नाही. आता वर्गात ‘स’ आणि ‘श’ यांत त्याचा गोंधळ होतो. जनुकांचा अहवाल आमच्याजवळ असता तर कदाचित आम्ही आधीच सावध झालो असतो, असे मला अनेकदा वाटले आहे. तेव्हा तपासणीला मी सरसकट निरुपयोगी म्हणणार नाही. पण आमच्या बाबतीत त्याहून साधी तपासणी कागदावर असूनही चुकली, हेही तितकेच खरे.

काजूबी

सर्वांचे वाचले. परंतु माहिती असण्यात वाईट काय आहे, हे मला उमगत नाही. पैसे उभे राहत असतील तर तपासणी करून टाकावी. उद्या काही झाले तर ‘केली असती तर’ हे शल्य तरी राहणार नाही.

मांडवीकाठ

काजूबी, शल्याचे म्हणणे मला कळते. पण चाळीस जनुकांच्या अहवालात चार-पाच तांबड्या खुणा प्रत्येकाच्याच वाट्याला येतात. माझ्या तपासल्या तर माझ्याही येतील. ‘सिस्प्लॅटिन : कमी परिणामाची शक्यता’ असे एक वाक्य छापून आले, की घरच्यांचा औषधावरचा विश्वास ढासळतो, मग एखादी फेरी पुढे ढकलली जाते किंवा कुणी मात्रा कमी करण्याची गळ घालतो. १९७० च्या दशकात केमो येण्याआधी केवळ पाय कापून या आजारात पाचांतला एकही धड वाचत नसे. आज न पसरलेल्या आजारात साधारण दोनतृतीयांश रुग्ण पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात, ते याच तीन-चार औषधांच्या जोरावर. अर्धवट पुराव्याच्या अहवालावरून त्यांना धक्का लावणे मला जोखमीचे वाटते.

एका जागी मी तुमच्या बाजूची आहे. डॉक्सोरुबिसिनमुळे हृदयाचे स्नायू दुबळे होऊ शकतात आणि त्याची एकूण मात्रा या उपचारात दर चौरस मीटरला ४५० मिलिग्रॅमपर्यंत जाते. आरएआरजी, एसएलसी२८ए३ आणि युजीटी१ए६ या तीन जनुकांतील ठराविक भेद मुलांमध्ये तपासावेत, अशी शिफारस कॅनडातील तज्ज्ञगटाने २०१६ मध्ये केली. तेथे जोखीम अधिक निघाली तर करण्यासारखे काही आहे : इको (हृदयाची सोनोग्राफी) अधिक वेळा करणे, डेक्सराझोक्सेन हे संरक्षक औषध देणे. उत्तरावर कृती करता येत असेल, तर प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. पण तेवढ्यासाठी तीन जनुके पुरतात, चाळीस नव्हेत.

साखळीचा मास्तर

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभारी आहे. एक शंका मात्र अजून सुटत नाही. लाळेतील जनुके ही मुलाची स्वतःची. पण कर्करोग तर गाठीत आहे. मग औषध लागू पडेल की नाही हे गाठीच्या जनुकांवरून ठरायला नको का? आणि हे सर्व संशोधन युरोप-अमेरिकेतील आहे. आमच्या लोकांना ते जसेच्या तसे लागू होते का?

तेरेखोल

मास्तर, नेमका प्रश्न विचारलात. मी मूळचा पेडण्याचा, सध्या पुण्यात मानवी जनुकशास्त्रात काम करतो. रुग्ण तपासत नाही.

कर्करोगाच्या रुग्णात दोन जनुकसंच असतात असे समजा. एक जन्मजात, जो लाळेत, रक्तात आणि शरीराच्या प्रत्येक पेशीत सारखाच सापडतो. औषध किती वेगाने बाहेर पडेल आणि कान, हृदय, यकृत ते किती सोसतील, हे बऱ्याच अंशी तो ठरवतो. दुसरा गाठीतला. गाठीच्या पेशींनी जन्मजात संचात पुढे केलेली उलथापालथ त्यात असते. ऑस्टिओसार्कोमात ही उलथापालथ विलक्षण असते. एखादे गुणसूत्र काचेच्या बांगडीसारखे फुटून तुकडे वाटेल तसे जोडले जावेत, असे चित्र दिसते. इविंग सार्कोमा या हाडाच्या दुसऱ्या कर्करोगात ११ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल ही जवळजवळ ठरलेली खूण असते आणि निदानालाही ती उपयोगी पडते. ऑस्टिओसार्कोमाला अशी एक खूण नाही. टीपी५३ हे जनुक बहुतेक गाठींत बिघडलेले सापडते, पण तो बिघाड दुरुस्त करणारे औषध आज हातात नाही. म्हणून गाठीचा जनुकीय नकाशा काढूनही पहिल्या फेरीचे उपचार सहसा बदलत नाहीत. आजार उलटला किंवा पसरला, तर मात्र तो नकाशा काढण्याला अर्थ येतो.

जन्मजात संचातला एक भाग मात्र येथे अजून कुणी काढलेला नाही आणि माझ्या मते तुमच्या घरासाठी तोच अधिक महत्त्वाचा ठरू शकतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,२०० हून अधिक ऑस्टिओसार्कोमा रुग्णांच्या अभ्यासात २८ टक्के रुग्णांमध्ये कर्करोगप्रवण जनुकांतील घातक किंवा बहुधा घातक असा जन्मजात भेद सापडला. त्यांत टीपी५३ ठळक होते. हा भेद जन्मतः असेल, तर ली-फ्रॉमेनी लक्षणसमूह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थितीत एकाच घराण्यात तरुणपणी स्तनाचा, हाडाचा, मेंदूचा, अधिवृक्क ग्रंथीचा असे वेगवेगळे कर्करोग दिसतात. अशा रुग्णाला किरणोपचार शक्यतो टाळतात आणि घरातील इतरांना नियमित तपासणीखाली ठेवतात. लहानपणी डोळ्यांत रेटिनोब्लास्टोमा झालेल्यांत आरबी१ या जनुकामुळे पुढे ऑस्टिओसार्कोमाची जोखीम वाढते. केमोच्या अहवालांत ही जनुके असतीलच असे नाही आणि असली तरी जनुकीय समुपदेशनाशिवाय त्यांचा निकाल हातात पडू नये. तेव्हा आधी दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांचा आजारांचा तक्ता काढा. कोण, कोणता कर्करोग, कोणत्या वयात. पन्नाशीच्या आत कुणाला झाला असेल तर त्याखाली रेघ मारा.

आपल्या लोकांविषयी. जनुकभेदांचे प्रमाण समाजागणिक बदलते. याचे उत्तम उदाहरण रक्ताच्या कर्करोगातले आहे : मर्कॅप्टोप्युरिन या औषधासाठी युरोपात टीपीएमटी तपासले जाई, पण पूर्व आशियातील पुष्कळ रुग्ण टीपीएमटी सामान्य असूनही औषध सोसत नसत. २०१४ मध्ये कोरियातील संशोधकांनी एनयूडीटी१५ या जनुकाकडे बोट दाखवले आणि उलगडा झाला. भारतातही ते तपासणे आता महत्त्वाचे मानतात. एमटीएचएफआरच्या ६७७ चा भेद आपल्याकडे युरोपच्या तुलनेने कमी सापडतो. शिवाय आपल्याकडे जातीतल्या जातीत लग्ने शतकानुशतके होत आल्याने एखादा दुर्मीळ भेद एखाद्या समाजात साचून राहिलेला असू शकतो. गोव्याला हे इतरांपेक्षा कमी लागू नाही. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली, त्यामुळे कोणता भेद आपल्याकडे किती हे तरी आता नीट सांगता येईल. त्याचा ऑस्टिओसार्कोमाच्या उपचाराशी काय संबंध, हे सांगायला मात्र रुग्ण हवेत आणि घोडे तिथेच अडते. हा आजार वर्षाला दहा लाखांमागे तीन-चारांना होतो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या घरात होती. हिशोब मांडला तर साऱ्या राज्यात वर्षाला जेमतेम पाच रुग्ण. शंभर रुग्ण गोळा करायला वीस वर्षे.

आणखी एक गोष्ट. भारतात सगळीकडे मेथोट्रेक्सेट वापरतात असेही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फामाइड यांवर आधारलेली, मेथोट्रेक्सेट नसलेली ओजीएस-१२ ही पद्धत विकसित केली, कारण मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेटला लागणारी पातळी मोजण्याची सोय आणि खाटेवरचे दिवस सर्वत्र परवडत नाहीत. अशा रुग्णाने एमटीएचएफआर तपासणे म्हणजे न घेतलेल्या औषधाची चिंता विकत घेणे. त्या प्रतिनिधीने भाच्याला कोणती औषधे चालू आहेत, हे तरी विचारले होते का?

साखळीचा मास्तर

नव्हते विचारले.

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. मधल्या काळात घडलेले थोडक्यात सांगतो. सुरंगीचा वळेसर यांच्या सांगण्यावरून औषधांची पिशवी उपसली. पँटोप्रॅझोल नव्हते, पण गुडघा ठणकतो म्हणून गावाकडच्या जुन्या चिठ्ठीवरून आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या निघाल्या. अडकलेल्या त्या फेरीच्या आदल्या दोन दिवशी त्याने त्या घेतल्या होत्या. ‘दुखत होते म्हणून’, असे तो खाली मान घालून म्हणाला. डॉक्टरांनी वेदनेसाठी दुसरे औषध लिहून दिले. पुढच्या मेथोट्रेक्सेटची पातळी चौथ्या दिवशी ०.१ च्या खाली आली. एका फेरीवरून निष्कर्ष काढू नये हे मला समजते. शिवाय तिसऱ्या दिवशी ती उतरली नाही, तेव्हा उरलेला फरक त्याच्या जनुकांचा असेलही.

ऑडिओमेट्री झाली. ४,००० हर्ट्झपर्यंत कान ठीक आहेत. ६,००० आणि ८,००० वर दोन्ही बाजूंना घट आहे. आलेख पाहून डॉक्टर प्रथमच खुर्चीत मागे टेकून अर्धा तास बोलले. सोडियम थायोसल्फेट मागवता येईल का, याची चौकशी ते करीत आहेत, आणि पुढचे सिस्प्लॅटिन नव्या ऑडिओमेट्रीचा निकाल पाहिल्याशिवाय द्यायचे नाही, असे त्यांनी पत्रकावर तांबड्या शाईने लिहिले. हृदयाच्या त्या तीन जनुकांविषयी विचारल्यावर, शस्त्रक्रियेनंतरच्या फेऱ्या सुरू होण्याआधी त्याचा विचार करू, असे ते म्हणाले.

तीन पिढ्यांचा तक्ताही काढला. आमच्या बाजूला काही नाही. भावोजींच्या बाजूला त्यांची धाकटी बहीण एकतिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने गेली. ही गोष्ट त्या घरात कुणी उच्चारत नसे आणि मला ती पंधरा वर्षांत प्रथमच समजली. तक्ता पाहून डॉक्टरांनी जनुकीय समुपदेशकाकडे पाठवले आणि मुलाचे रक्त टीपी५३ साठी गेले आहे. भाच्याला नऊ वर्षांची एक बहीण आहे. समुपदेशक बाईंनी निकाल येईपर्यंत तिच्याविषयी काहीही ठरवू नका, असे बजावले आहे.

चाळीस जनुकांची ती तपासणी आम्ही केली नाही. आता एकच विनंती. पुढची ऑडिओमेट्री गोव्यातच करून अहवाल पाठवला तरी चालेल, असे डॉक्टर म्हणाले आहेत. ८,००० हर्ट्झच्या वरच्या वारंवारिताही तपासणारे केंद्र डिचोली-म्हापसा भागात कुणाला ठाऊक असेल, तर कृपया कळवावे; सिस्प्लॅटिनची तारीख येत्या गुरुवारची आहे.